उजेडाची कड

प्रयोगशाळेत हेडलाइट तपासताना तो २५ मीटरवरच्या पडद्यावर रोखतात आणि ठरलेल्या बिंदूंवर किती उजेड पडतो ते मोजतात. हॅलोजन हेडलाइटच्या युरोपीय नियमांत वर्षानुवर्षे असलेले त्यांतले दोन आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. दिवा डिपरवर असताना रस्त्याची आपल्या बाजूची कड ७५ मीटर पुढे जिथे येते, त्या बिंदूवर किमान १२ लक्स उजेड पडलाच पाहिजे. आणि ५० मीटरवरून समोरून येणाऱ्या चालकाचे डोळे जिथे येतात, त्या बिंदूवर ०.४ लक्सपेक्षा जास्त पडता कामा नये. पडद्यावर या दोन बिंदूंच्या उंचीत फरक जेमतेम अर्ध्या मीटरचा, आडवे अंतर साधारण दोन मीटरचे. तेवढ्यात उजेड तीस पटींनी खाली यावा लागतो.

जुन्या गाडीला जास्त उजेडाचे दिवे बसवण्याचा विचार करणाऱ्याने सुरुवात या दोन आकड्यांपासून करावी, असे मला वाटते. दुकानात बोलणे होते ते वॅटचे, लुमेनचे आणि केल्विनचे. बल्बच्या खोक्यावरही तेच मोठ्या अक्षरांत छापलेले असते. उजेड कुठे संपतो, याबद्दल खोक्यावर काही लिहिलेले नसते आणि गिऱ्हाईकही विचारत नाही. खरे तर हेडलाइटची सगळी कारागिरी त्या एका कडेत आहे.

ही कड किती महत्त्वाची आहे ते पिंपरी-चिंचवडच्या नाशिक फाट्यावरून भोसरी, मोशी, चिंबळी फाटा, कुरुळी असे करत चाकणला जाणाऱ्या रस्त्यावर रात्री समजते. दुसरी पाळी सुटलेली असते, तिसरीची माणसे निघालेली असतात. कंपन्यांच्या बसगाड्या, कंटेनर, गाड्या वाहून नेणारे लांबलचक ट्रेलर, त्यांच्या मधून वाट काढणाऱ्या मोटारसायकली. इंद्रायणीचा पूल ओलांडला की रस्त्याच्या कडेला गडद रंगाच्या गणवेशात चालणारी माणसे भेटतात. कार्तिकीच्या सुमारास आळंदीकडे निघालेल्या दिंड्या असतात. तळेगाव–चाकण–शिक्रापूर रस्त्यावर कडेला उभे केलेले ट्रेलर असतात आणि कित्येकदा त्यांच्या मागच्या बाजूला चिखलाने झाकलेल्या रिफ्लेक्टरपलीकडे काही नसते. कारखान्यात काम करणाऱ्या कितीतरी घरांमध्ये पहिली चारचाकी ही जुनी, दुसऱ्या हातची असते. पिंपरीतच बनलेली एखादी इंडिका किंवा जुनी अल्टो, सँट्रो. तिचे दिवे मिणमिणते झालेले असतात. समोरचे दिसत नाही ही तक्रार शंभर टक्के खरी असते.

मग दिवे बदलण्याआधी, आहेत ते दिवे मिणमिणते का झाले ते पाहायला हवे.

जुन्या गाड्यांत बहुतेक वेळा एच-४ बल्ब असतो. १९७१ साली आलेला हा बल्ब रचनेच्या दृष्टीने फार हुशारीचा आहे. एकाच काचेत दोन तारा, अप्परसाठी ६० वॅटची आणि डिपरसाठी ५५ वॅटची. डिपरच्या तारेखाली धातूची एक छोटी वाटी असते. ती त्या तारेचा उजेड रिफ्लेक्टरच्या खालच्या अर्ध्या भागावर पडूच देत नाही, कारण तिथून परतलेला उजेड वर, म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांत गेला असता. या वाटीची एक कड १५ अंशांनी तिरकी कापलेली असते. त्यामुळे उजेडाची रेषा आपल्याकडे डावीकडे वर चढते आणि रस्त्याच्या कडेचा माणूस, मैलाचा दगड, झाडाचे खोड दिसते. वाटीची ही तिरकी कड आणि तार मिलिमीटरच्या अंशाइतक्या अचूकपणे जागेवर असतात म्हणून हे जमते.

नियमानुसार १३.२ व्होल्टवर एच-४ चा डिपर सुमारे १००० लुमेन उजेड देतो. गाडीतली गोम इथेच आहे. हॅलोजन बल्बचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. म्हणजे व्होल्टेज थोडे घसरले तरी उजेड धाडकन पडतो. होल्डरपाशी १३.२ ऐवजी १२ व्होल्ट पोचत असतील तर उजेड जवळजवळ २८ टक्के कमी होतो. ११.५ पोचत असतील तर ३७ टक्के. आणि दहा-पंधरा वर्षांच्या गाडीत ते घसरतेच. बॅटरीपासून निघालेली बारीक वायर स्टिअरिंगखालच्या स्विचपर्यंत येते, तिथून पुन्हा पुढे दिव्यांकडे जाते. वाटेत गंजलेले जोड, काळवंडलेले होल्डर, बॉडीला सैल झालेली अर्थिंग. वायरमननी मल्टिमीटर घेऊन, इंजिन चालू आणि दिवा लावलेला असताना, थेट होल्डरवर व्होल्टेज मोजावे. हे पाच मिनिटांचे काम आहे आणि ते फारसे कोणी करत नाही.

उपाय रिलेचा आहे. बॅटरीपासून जाड वायर, तिला फ्यूज, तिथून रिले आणि रिलेतून थेट बल्ब. स्टिअरिंगखालचा स्विच मग केवळ रिलेला जागे करण्याचे काम करतो, त्याच्यातून अत्यल्प करंट जातो. दोन रिलेची वायरिंग किट आणि नियमातला चांगला ६०/५५ वॅटचा बल्ब, एवढ्यावर कित्येक जुन्या गाड्या पुन्हा पाहू लागतात. माझे स्पष्ट मत आहे की हे केल्याशिवाय प्रोजेक्टरचा, म्हणजे भिंग असलेल्या हेडलाइटचा, विषयच काढू नये.

दुसरी गोष्ट काचेची, जी आता काच नसते. नव्वदच्या दशकापर्यंतच्या बऱ्याच गाड्यांना खरी काच होती. नंतर पॉलिकार्बोनेट आले. ते हलके असते, सहजी फुटत नाही, पण उन्हातल्या अतिनील किरणांनी पिवळे पडते, म्हणून त्यावर संरक्षक थर दिलेला असतो. तो थर गेला की दिवा धुरकट होतो. धुरकट झाल्यावर दोन तोटे एकदम होतात: पुढे जाणारा उजेड कमी होतो आणि उरलेला इकडेतिकडे फाकून समोरच्याच्या डोळ्यांत जातो. आठशेपासून तीन हजार नंबरपर्यंतच्या पॉलिशपेपरने पाणी लावून घासले आणि पॉलिश केले तर काच लख्ख होते. पण त्यावर अतिनील किरण अडवणारा नवा थर चढवला नाही तर काही महिन्यांत पुन्हा तीच अवस्था. टूथपेस्टने घासून चमकवलेली काच तर त्याहून लवकर पिवळी पडते. आतल्या रिफ्लेक्टरला मात्र हात लावू नये. त्यावर ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर असतो, फडक्याने पुसला तरी तो निघतो. तो काळा पडला असेल तर दिवा बदलणे एवढाच मार्ग.

यापुढे सुरू होतात चुकीचे उपाय, आणि रस्त्यावर त्यांचीच संख्या जास्त आहे.

सर्वांत जुना म्हणजे १००/९० वॅटचा बल्ब. मूळ वायरिंगवर तो लावला की होल्डर वितळतो, स्विच जळतो. नंतर आला एचआयडी, म्हणजे झेनॉनचा संच. झेनॉनच्या नळीत तार नसते. बॅलास्ट नावाचे उपकरण सुरुवातीला वीस हजार व्होल्टच्या आसपासचा धक्का देते आणि दोन टोकांमध्ये विजेची ठिणगी कायम जळत राहते. ३५ वॅटमध्ये ३२०० लुमेन, म्हणजे हॅलोजन डिपरच्या तिप्पट. मात्र हा उजेड एच-४ च्या रिफ्लेक्टरमध्ये कोंबला की ती १५ अंशांची वाटी आणि ठिणगीची जागा यांचा मेळ बसत नाही. तिप्पट उजेड आणि कडच नाही. आता त्याची जागा एलईडी बल्बने घेतली आहे. त्यात तारेऐवजी पट्टीच्या दोन बाजूंना चिप असतात, आणि रिफ्लेक्टर तर सर्व बाजूंनी उजळणाऱ्या बारीक तारेसाठी बनवलेला असतो. स्वस्त एलईडी बल्बने गाडीसमोरचे पहिले दहा-पंधरा मीटर झगझगीत होतात आणि चालकाला वाटते, काय उजेड आहे! डोळे त्या जवळच्या उजेडाला सरावतात आणि लांबचा अंधार आणखी गडद होतो. जर्मनीत एलईडी बदली बल्बला रस्त्यावर वापरायची पहिली परवानगी २०२० साली मिळाली, तीसुद्धा ऑसरामच्या एका विशिष्ट बल्बला आणि चाचणी झालेल्या ठरावीक गाड्यांपुरतीच. बल्ब आणि रिफ्लेक्टर ही जोडी एकत्रच तपासावी लागते, हे त्यामागचे कारण.

प्रोजेक्टरचे तत्त्वच वेगळे आहे, आणि मला ते फार देखणे वाटते. लंबवर्तुळाला दोन नाभी असतात. एका नाभीत दिवा ठेवला तर लंबवर्तुळाकार आरशावरून परतणारा सगळा उजेड दुसऱ्या नाभीत गोळा होतो. प्रोजेक्टरमध्ये त्या दुसऱ्या नाभीपाशी धातूची पातळ पट्टी उभी असते, तिला शटर म्हणतात. तिच्या पुढे जाड, फुगीर भिंग. शाळेतल्या जुन्या स्लाइड प्रोजेक्टरप्रमाणे हे भिंग त्या पट्टीच्या कडेची उलटी प्रतिमा रस्त्यावर फेकते. पट्टीने खालचा भाग अडवला की रस्त्यावर वरचा भाग अंधारा होतो. म्हणजे डिपरची ती कड ही प्रत्यक्षात एका पत्र्याची सावली असते, आणि पत्रा हवा तसा कापता येत असल्याने कड धारदार मिळते. अप्पर लावला की एक छोटे विद्युतचुंबक शटर खाली ओढते. ‘बाय-झेनॉन’ आणि ‘बाय-एलईडी’ या नावांतले ‘बाय’ त्याचेच. भिंतीवर पाहिले तर कडेवर निळसर-जांभळी झाक दिसते. भिंगातून निळे आणि लाल किरण थोडे वेगवेगळे वळतात त्याची ती खूण.

१९८६ सालच्या बीएमडब्ल्यू ७ सिरीजमध्ये प्रोजेक्टर हेडलाइट आले, १९९१ मध्ये त्याच घराण्यात झेनॉन, २००७ मध्ये लेक्ससच्या एका गाडीत एलईडी डिपर. चाकणशी नाते सांगायचे तर महिंद्राच्या चाकण कारखान्यात बनलेली एक्सयूव्ही ५०० ही २०११ साली प्रोजेक्टर हेडलाइट घेऊन बाजारात आली आणि इथल्या मध्यमवर्गीय घरांसमोर ते गोल भिंग उभे राहू लागले.

जुन्या गाडीत प्रोजेक्टर बसवायचा म्हणजे दिवा उघडावा लागतो. पुढची काच मागच्या डब्याला ब्युटिल नावाच्या चिकट डिंकाने बसवलेली असते. दिवा ओव्हनमध्ये शंभर अंशांच्या आसपास काही मिनिटे तापवला की तो मऊ होतो आणि काच सुटते. काही नव्या दिव्यांत कायमचा कडक होणारा गोंद असतो, ते या पद्धतीने उघडत नाहीत. मग अडीच किंवा तीन इंची प्रोजेक्टर बल्बच्या भोकातून किंवा रिफ्लेक्टर कापून बसवतात आणि पुन्हा सील करतात. हे सील करणेच अवघड काम. आपल्याकडचा पाऊस एका सांध्यातून आत शिरला तरी आठवड्यात भिंगावर बाष्प धरते. दिव्याला हवा खेळण्यासाठी असलेली मूळ नळी बंद करणारे कारागीरही आहेत. ती बंद केली तर तापलेल्या हवेला वाट राहत नाही आणि थंड होताना ती ओलावा आत ओढते. कारागिराची पारख करायची असेल तर त्याने मागच्या पावसाळ्याआधी बसवलेला दिवा दाखवायला सांगावा.

आता सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट. प्रोजेक्टरला हात असतो, डावा किंवा उजवा. भारत, जपान, ब्रिटन येथे वाहने डावीकडून चालतात, म्हणून कडेची पायरी डावीकडे वर चढायला हवी. युरोपचा मोठा भाग, अमेरिका आणि चीन येथे वाहने उजवीकडून चालतात, त्यामुळे त्यांच्यासाठी बनवलेल्या दिव्यांत ती उजवीकडे चढते. सुट्या भागांच्या बाजारात दोन्ही मिळतात, दिसायला हुबेहूब. उजवीकडे चढणारा प्रोजेक्टर आपल्या गाडीला लावला, तर तो तीन हजार लुमेनच्या झोताचे टोक नेमके समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर धरतो, आणि आपल्या डाव्या कडेचा पादचारी अंधारात राहतो. कितीही काळजीने बसवला, कितीही खाली केला, तरी हा दोष जात नाही. पैसे देण्याआधी बॅटरीला जोडून भिंतीवर कड पाहावी. पायरी डावीकडे चढत नसेल तर तो नग परत करावा.

बसवल्यानंतर जोखायचे. सपाट जागा, चाकांत योग्य हवा, चालकाच्या जागेवर माणूस बसलेला, समोर दहा मीटरवर भिंत. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून भिंतीवर खूण करावी आणि उजेडाची आडवी कड त्या खुणेच्या दहा सेंटिमीटर खाली आणावी. म्हणजे एक टक्का उतार. दिवा ६५ सेंटिमीटर उंचीवर असेल तर एक टक्का उताराची कड ६५ मीटरवर रस्त्याला टेकते. उतार दोन टक्के केला तर ती ३२ मीटरवरच टेकते आणि पुढचे काही दिसत नाही. उलट कड क्षितिजाच्या वर गेली तर ती कुठेच टेकत नाही, थेट डोळ्यांत जाते. मागे तीन माणसे आणि डिकीत सामान असले की गाडीचे नाक वर होते, आणि तेवढ्यानेही हा हिशेब मोडतो. डॅशबोर्डवर शून्य ते तीन आकड्यांची छोटी चकती बऱ्याच गाड्यांत असते, ती यासाठीच. युरोपीय नियमांत २००० लुमेनपेक्षा जास्त क्षमतेच्या दिव्यासाठी आपोआप उतार सांभाळणारी यंत्रणा आणि काच धुणारा फवारा सक्तीचा होता, तो समोरच्याचे डोळे दिपू नयेत म्हणूनच. आपण घरगुती बदल करताना दिवा तेवढा आणतो, यंत्रणा सोडून देतो.

या ६५ मीटरचा आणखी एक अर्थ आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. धोका ओळखून ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर २५ मीटर, कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी वीस. ४५ मीटरमध्ये काम भागते. ताशी ८० ला तेच जवळजवळ ६९ मीटरपर्यंत जाते. म्हणजे जगातला उत्तम प्रोजेक्टर लावला, तरी डिपरवर ऐंशीच्या वेगाने जाणारा चालक उजेडाच्या सपाट कडेपलीकडच्या अंधारात गाडी घालत असतो. प्रोजेक्टरने कडेच्या आतले जास्त स्वच्छ दिसते. कड लांब जात नाही.

समोरच्याला काय होते तेही थोडे सांगायला हवे. तीव्र उजेड डोळ्यात शिरला की तो बाहुलीमागच्या भिंगात आणि द्रवात विखुरतो आणि सगळ्या दृश्यावर पांढरा पडदा ओढतो. त्या पडद्यामागे कमी उजेडातली माणसे नाहीशी होतात. वय वाढले, मोतीबिंदू धरू लागला की विखुरणे वाढते. म्हणून तरुण चालकाला जो दिवा सहन होतो तो साठीच्या मोटारसायकलस्वाराला काही सेकंद पूर्ण आंधळे करतो. त्या काही सेकंदांत त्याच्या पुढ्यात खड्डा असतो, उभा ट्रेलर असतो.

कायद्याची बाजू स्पष्ट आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०६ सांगतो की दिव्याचा झोत कायम खाली वळवलेला हवा, आणि दिव्यापासून ८ मीटर पुढे, उजवीकडे अर्धा मीटर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत अशा माणसाला तो दिपवणारा नसावा. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मूळ रचनेत बदल करायला मनाई करते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडकपणे वाचले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. उघडून आत दुसरे यंत्र घातलेल्या दिव्याला मूळ दिव्याची मान्यता उरत नाही. म्हणून मी विचारणाऱ्याला आधी एकच मार्ग सुचवतो: आपल्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला कंपनीने प्रोजेक्टर दिला असेल, तर तो मूळ, मान्यताप्राप्त दिवा पूर्णच घ्यावा. महाग पडतो. पण त्याची कड आपल्या रस्त्यासाठी कापलेली असते, पावसात तो गळत नाही आणि उतार बदलण्याची मोटर त्यात बहुधा असते.

हे सगळे ज्ञान भोसरी-चाकणच्या या कारखान्यांच्या पट्ट्यापासून दूर नाही. वाहनांच्या चाचण्या घेणारी, १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय ही संस्था पुण्यात वेताळ टेकडीवर आहे आणि चाकणलाही तिचे केंद्र आहे. रस्ते वाहतुकीची केंद्रीय संस्था, सीआयआरटी, भोसरीत आहे. लुमॅक्ससारख्या दिवे बनवणाऱ्या कंपनीचा कारखाना चाकणमध्ये आहे. मराठवाड्यातून वर आलेल्या वेरॉकने २०१२ साली व्हिस्टिऑन या अमेरिकी कंपनीचा जगभरचा दिव्यांचा व्यवसाय विकत घेतला होता. २५ मीटरच्या पडद्यासमोर दिवसभर उजेड मोजणारी माणसे पिंपरी-चिंचवडच्या गल्ल्यांत राहतात.

तरीही इथल्या, एमएच-१४ पाटीच्या खासगी गाडीचा हेडलाइट एकदा कारखान्यातून बाहेर पडला की पंधरा वर्षांनी फेरनोंदणीची वेळ येईपर्यंत त्याची कड कोणी अधिकृतपणे तपासत नाही. धुराची चाचणी मात्र ठरावीक मुदतीने होते आणि त्यासाठी जागोजागी पीयूसी केंद्रे आहेत. दिव्याचा झोत तपासायचे यंत्र म्हणजे चाकांवर सरकणारी एक पेटी, आत भिंग आणि खुणा केलेला छोटा पडदा. एका दिव्याला दोन मिनिटे लागतात. पीयूसीच्या खोलीत अशी एक पेटी ठेवावी आणि धुराच्या प्रमाणपत्रासोबत दिव्यांचा उतारही जोखून द्यावा, अशी मागणी या पट्ट्यातल्या कामगार संघटनांनी, कंपन्यांच्या सुरक्षा विभागांनी आणि वाहतूक पोलिसांनी मिळून केली पाहिजे. तोपर्यंत कंपन्यांनी निदान आपल्या वाहनतळाच्या एखाद्या सपाट भिंतीवर जमिनीपासूनच्या उंचीच्या रेषा आखून द्याव्यात आणि तिच्यासमोर दहा मीटरवर पिवळा पट्टा मारावा. खर्च रंगाच्या डब्याइतका आहे, आणि रात्रपाळीला गाडी लावणाऱ्या प्रत्येकाला आपली कड कुठे आहे ते आत शिरतानाच दिसेल.